पैशाचं एक कौल

आंबेकोंडच्या राहीला गावानं ‘कौलवाली’ असं नाव ठेवलं होतं. ठेवलं तेव्हा ते चेष्टेनं ठेवलं होतं. आता कुणी ते चेष्टेनं घेत नाही. हा फरक कसा पडला, तेच सांगायचं आहे.

आंबेकोंड म्हणजे दिघी बंदराच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या कुशीत वसलेली वीस-बावीस घरांची कुणब्यांची वाडी. खोताचं घर सोडलं तर सगळी घरं भाताच्या पेंढ्यानं शाकारलेली. राहीचा नवरा भागोजी पावसाळ्यात शेती करायचा आणि उरलेले आठ महिने बंदरावर हमाली. राही खोताच्या पोफळीच्या वाडीत सुपाऱ्या सोलायला जायची. दोघांच्या मिळून येणाऱ्या पैशांत पोट भरायचं, सण व्हायचे आणि हातात काही उरायचं नाही. वाडीत सगळ्यांचंच तसं होतं, म्हणून कुणाला त्याचं काही वाटत नसे. राहीला मात्र वाटलं.

एकोणीसशे चोवीस सालच्या वैशाखात घराची शाकारणी चालली होती. आढ्यावर दोन गडी बसले होते, भागोजी खालून पेंढ्या फेकत होता आणि राही चुलीपाशी त्या गड्यांसाठी सुकटीचं कालवण ढवळत होती. ढवळता ढवळता तिनं मनातल्या मनात बेरीज केली. कमी पडला तेवढा पेंढा विकत, बांबू, सुंभ, गड्यांची मजुरी, त्यांचं जेवण आणि संध्याकाळची ताडी. सहा रुपये. मागच्या वर्षी सहा, त्याच्या मागच्या वर्षीही सहाच.

जेवायला बसल्यावर ती नवऱ्याला म्हणाली, “अवो, दरसाल सा रुपयं आपन गवतावर घालतो आन चार म्हयन्यांत त्ये कुजून जातंय. ह्यो कसला संसार?”

“मंग काय कौलं घालतंस?” भागोजी हसून म्हणाला. “हजार कौलांचं पन्नास-साठ रुपयं व्हतात. खोत हाय का मी?”

पण हसता हसता त्याच्या तोंडून एक गोष्ट निघून गेली. मंगलोराहून कौलांची गलबतं दिघीला लागत. हमाल ओळीनं उभे राहून कौलं हातोहात उतरवून घेत. त्यात काहींचा कोपरा उडे, कुणाला टवका पडे. व्यापारी असलं कौल घेत नसे. मग धक्का मोकळा करायचा म्हणून मुकादम गुणाजी ती पैशाला एक अशी विकून टाकी. कुणी चुलीसाठी नेई, कुणी तुळशीच्या कट्ट्याला.

राहीचा हात ताटातच थांबला.

“पैशाला एक?”

“व्हय.”

“टवका उडालेला असला म्हनून काय, पानी थांबतं ना त्याच्यानं?”

भागोजीनं जरा विचार केला. “टवका वरच्या अंगाला झाकला गेला, तर थांबंल.”

एवढंच बोलणं झालं आणि त्या दोघांची पुढची नऊ वर्षं त्यानं बदलून टाकली. भागोजी विडी ओढायचा, दिवसाला दोन पैशांच्या. दुसऱ्या दिवशी त्यानं एका पैशाच्या ओढल्या आणि संध्याकाळी डोक्यावर एक कौल घेऊन घरी आला. राहीनं ते कौल ओल्या फडक्यानं पुसलं, परसात भिंतीला उभं केलं आणि मडक्यात एक चिंचोका टाकला. आठवड्याभरात भागोजीनं विडी साफ सोडली. बायकोला सांगितलं नाही, नुसता कौलांचं गलबत धक्क्याला असेल त्या दिवशी दोन कौलं आणायला लागला; वर्षात असे दिवस पन्नास-साठच निघत. तिनंही विचारलं नाही. पण त्या आठवड्यात त्याच्या भाकरीवर सुकटीची चटणी रोज जरा जास्त पडायची.

हळूहळू त्या घरात पैशाला पैसा म्हणणंच बंद झालं. सगळा हिशेब कौलांत. काडेपेटी एक पैशाची, म्हणजे एक कौल. मग काडी कशाला ओढायची? राही सकाळी खापरीवर शेजारच्या आवडाबाईच्या चुलीतला विस्तव आणायची. चहा गूळ घालून दोघांना मिळून दोन कौलं, म्हणून चहा पाहुणा आला तरच. घासलेट महिन्याला बारा कौलं, म्हणून तिन्हीसांजेच्या आत जेवणं आटोपून घ्यायची. राहीचं माहेर खाडीपलीकडे आगरदांड्याला. तरीत बसून जायला-यायला दोन कौलं, म्हणून माहेर वर्षातून एकदाच, गौरीला. साबण नाही, रिठे. पाणी काढायला बादली नाही, पोफळीच्या झावळीचं गळून पडलेलं रुंद देठ, म्हणजे विरी, दोन्ही टोकांना बांधून केलेला डोण. त्याच विरीची पत्रावळ, त्याच विरीचा पंखा आणि पावसात डोक्यावर घ्यायला तिचीच टोपी. खोताच्या वाडीत विऱ्यांचा खच पडायचा, पण वाकून उचलायचं कुणाला सुचत नव्हतं. राहीला सुचायचं, आणि सुचलेलं करायला तिला लाज वाटायची नाही. निम्म्याहून जास्त माणसं इथंच मागं पडतात, हे मी पुष्कळ बघितलं आहे.

लोक त्यांना चिकट म्हणत. ते चिकट नव्हते, हे मला ठासून सांगायचं आहे. त्यांच्या घरात दोन नेम होते. पाहुण्याच्या ताटात कौल मोजायचं नाही आणि देवाच्या नैवेद्यात मोजायचं नाही. वाडीत कुणाचं बाळंतपण असलं तर राहीच्या घरचं तूप पहिलं पोचायचं. काटकसर होती ती दोघांच्या स्वतःच्या तोंडाची आणि अंगाची होती.

आणि त्यात मजाही होती, बरं का. दोघं एकमेकांवर पाळत ठेवून असत. एका शिमग्याला भागोजीनं सोंगाड्यांच्या गडबडीत एक विडी ओढली आणि घरी येऊन स्वतःच कबूल केलं. राहीनं मडक्यातला एक चिंचोका काढून त्याच्या हातावर ठेवला आणि म्हणाली, “ह्ये घ्या तुमचं कौल. ओढलंत ना?” तो बिचारा दोन दिवस तो चिंचोका मुंडाशात खोचून हिंडला आणि मग गुपचूप परत मडक्यात टाकला. पुढं हरिहरेश्वरच्या शिवरात्रीला दोघं पायी गेली, आणि तिथं राहीचंच मन घसरलं. तिनं तीन आण्यांच्या हिरव्या बांगड्या भरल्या. परतताना भागोजी पाठीमागून म्हणाला, “राहे, बारा कौलं मनगटात घालून चाललीस गो! जपून चाल, फुटली तर घर गळंल.” ती इतकी हसली की वाटेवर बसावं लागलं.

शेजारची आवडाबाई मात्र हसायची ती वेगळं. विस्तव द्यायची, पण फुकट द्यायची नाही. रोज एक टोमणा सोबत असायचा. “तुझी काडी वाचते आन माझी चूल विझते गो, कौलवाली! सोन्याची कौलं घालनार हाईस काय घरावर?” राही ऐकून घ्यायची. खापरीवर निखारे असले की माणसाला चालत राहावं लागतं, उभं राहून भांडता येत नाही.

परसातली रास वाढत गेली. राही ती निगुतीनं लावायची. कमी फुटकी कौलं पुढं, जास्त फुटकी मागं. सुटीच्या दिवशी पुसून घ्यायची. एकोणीसशे तेहतीसच्या चैत्रात मडक्यातले चिंचोके तिनं सुपात ओतून मोजले. नऊशे ऐंशी भरले. गावच्या सुतारानं, कान्हानं, घर मोजून साडेनऊशे लागतील म्हणून सांगितलंच होतं.

राहिले ते कोने. कोना म्हणजे आढ्यावर बसतं ते वाकडं कौल. ते जाड असतं, सहसा फुटत नाही, म्हणून स्वस्तात मिळत नाही. मग दोघांनी मोठं धाडस केलं. त्या वर्षीचा पेंढा शाकारणीला ठेवायचा तो सगळा विकून टाकला आणि कोने आणले. घरावरचा जुना पेंढा उतरवून शेतावर नेला आणि भाताच्या रोपांसाठी जमीन भाजायला, म्हणजे राबाला, लावून टाकला. खोताच्या वाडीत वाऱ्यानं पडलेली पोफळीची झाडं मागून आणली, चिरून त्यांच्या रिपा, म्हणजे कौलं अडकवायच्या आडव्या पट्ट्या, केल्या आणि वाशांवर ठोकल्या. घर उघडं पडलं. मृग नक्षत्राला अठरा दिवस होते.

कान्हा सुतार सकाळी वर चढला. राहीनं त्या दिवशी चहा केला होता, दूध घालून. अर्धी वाडी अंगणात जमली होती. कान्हानं पागोळीची पहिली ओळ लावली. दुसरं कौल पहिल्याच्या खाचेत बसवायला गेला, ते बसेना. त्यानं दुसरं उचललं. ते बसलं, पण वरचं बसेना. पाच-पंचवीस कौलं उलटीपालटी करून तो खाली उतरला आणि कपाळाचा घाम पुसत म्हणाला, “भागोजी, ह्या कौलांची सोयरीक जुळत न्हाय बाबा. एका कारखान्याची न्हाईत ही. एकाची खाच रुंद, दुसऱ्याची अरुंद. एक बोटभर लांब, एक आखूड. नऊ वरसं काय बघून आनलंस?”

भागोजीनं काय बघून आणलं होतं? टवका बघून आणलं होतं. ज्याचा टवका लहान ते कौल चांगलं, एवढंच तो बघायचा. त्यानं जन्मभर कौलं वाहिली होती, घरावर कधी चढवली नव्हती. प्रत्येक गलबतातून एकाच कारखान्याचा माल यायचा आणि एकाच घरावर जायचा, म्हणून हा घोळ कधी कुणाला झालाच नव्हता. तो व्हायला नऊ वर्षं एकेक फुटकं कौल गोळा करणारी माणसंच लागत होती.

अंगणात कुणीतरी खुसकन हसलं आणि मग सगळेच हसले. आवडाबाई म्हणाली, “घाला आता घरावर चिंचोकं!”

कान्हा हत्यारं गोळा करून निघून गेला. लोक पांगले. भागोजी उघड्या घरात जात्यापाशी जाऊन बसला. वरून ऊन सरळ त्याच्या डोक्यावर पडत होतं.

“नऊ वरसं,” तो म्हणाला. “शिमग्याची ती एक सोडली तर नऊ वरसं विडीला हात लावला न्हाय मी.”

राहीला त्याचा राग आला होता. अगदी तोंडापर्यंत आला होता. बंदरावर एवढी वर्षं काढून ह्या माणसाला एवढं कळू नये? पण मग तिला आठवलं की रास आपणच लावत होतो, आपणच पुसत होतो, आपल्यालाही टवक्यापलीकडे काही दिसलं नाही. ती परसात गेली, राशीपाशी बसली आणि एक कौल उचलून मांडीवर पालथं घातलं.

पाठीवर छाप होता. अक्षरं होती, ती तिला येत नव्हती. पण अक्षरांच्या मध्ये एक घोडा होता. तिनं दुसरं कौल पालथं केलं. मासळी. तिसरं, पुन्हा घोडा. चौथ्यावर नारळाचं झाड. तिनं दोन घोडे एकमेकांच्या खाचेत घातले. ते असे बसले की हलवून हलेनात.

“अवो,” तिनं हाक मारली, “हिकडं या. बसून ऱ्हाऊ नका.”

दोन दिवस दोघं नऊशे ऐंशी कौलं एकेक करून पालथी घालत होती. कुणी मदतीला आलं नाही आणि त्यांनी कुणाला बोलावलंही नाही. चार ढीग झाले. घोड्याची तीनशे चाळीस, मासळीची दोनशे नव्वद, नारळाची दोनशे दहा आणि शिडाच्या होडीची एकशे चाळीस. राही चिंचोके मांडून बसली. घराला दोन पाखं, पुढचं आणि मागचं. घोडा आणि होडी मिळून पुढचं पाखं होत होतं. मासळी आणि नारळ मिळून मागचं. म्हणजे एका पाख्यावर जोड एकच, आढ्यापासून पागोळीपर्यंत सरळ उभा. त्या जोडाच्या एका बाजूला एक जात, दुसऱ्या बाजूला दुसरी.

“आन जोडावर?” भागोजीनं विचारलं. “तिथं पानी शिरंल.”

“तिथं कुंभाराची नळीची कौलं पालथी घालायची, चुन्यात बसवून. चाळीस लागतील. माझ्या मुठीच्या तांदळात येतात.”

रोज शिजवायच्या तांदळातली एक मूठ ती वेगळ्या मडक्यात टाकायची, हे भागोजीला ठाऊक नव्हतं. नऊ वर्षांत दोघांनी एकमेकांना न सांगता केलेल्या गोष्टी दोनच. त्याची सोडलेली विडी आणि तिची ती मूठ.

भागोजी कान्हाला बोलवायला गेला. कान्हा येईना. “पोरखेळ हाय,” म्हणाला. मग राही स्वतः गेली, पदर नीट घेऊन, हातात चार काड्या घेऊन. प्रत्येक काडी एकेका जातीच्या कौलाच्या मापानं तोडलेली होती. तिनं त्या त्याच्या ओटीवर मांडल्या. “कान्हादादा, ह्यो घोडा, ही होडी, ही मासळी, ह्यो नारळ. जोडाच्या अल्याड रिपा ह्या काडीवर ठोका, पल्याड ह्या काडीवर. सरळ एका रांगेत येनार न्हाईत, न येऊ द्या. दिसायला वाकडं दिसंल, पन पानी बघायला येनार हाय का?”

कान्हानं काड्या हातात घेऊन उलटसुलट बघितल्या.  मग म्हणाला, “ह्ये तुला कोनी शिकवलं गो?”

“नऊ वरसं जोडतेय ना मी,” राही म्हणाली.

चार दिवसांत छप्पर झालं. मृगाला अजून आठवडाभर होता. पुढचं पाखं दोन रंगांचं दिसत होतं, घोड्याकडचं तांबडं आणि होडीकडचं जरा फिकट, मधून कुंभाराच्या नळ्यांची जाड रेघ. कौलांचे कोपरे उडालेले होते, पण एकेक टवका वरच्या कौलाखाली नीट दडवला होता. अंगणात पुन्हा माणसं जमली. आवडाबाई कमरेवर हात ठेवून म्हणाली, “पाऊस लागला की कळंल काय त्ये.”

“पावसाची वाट कशाला बघायची?” राही म्हणाली. “विहीर हाय की.”

तिनं विऱ्यांचे डोण भागोजीच्या हातात दिले आणि स्वतः घरात जाऊन सारवलेल्या जमिनीवर मधोमध बसली, मान वर करून. कान्हा शिडीवर, भागोजी आढ्यावर. खालून डोण भरून वर जायचा आणि भागोजी तो आढ्यावरून सोडून द्यायचा. पाणी खळाळत पागोळीला यायचं आणि अंगणात उभी राहिलेली माणसं मागं सरकायची. दहा डोण झाले, वीस झाले. राही वर बघत राहिली. मान आखडली तरी खाली केली नाही. पुढच्या पाख्याच्या जोडापाशी एक थेंब जमला, जड झाला आणि जात्यावर पडला.

“थांबा!” ती ओरडली. “होडीच्या आंगाला, वरून तिसरी नळी!”

कान्हानं नळी उचलून चुना पुन्हा भरला, जरा वाळू दिला. पुन्हा दहा डोण. पुन्हा वीस. शेवटी हंडे आणले तेही ओतले. राही बाहेर आली तेव्हा तिच्या लुगड्यावर पाण्याचा एक डाग नव्हता. तिनं पदर पसरून सगळ्यांना दाखवला. या वेळी कुणी हसलं नाही. कान्हा शिडीवरून उतरला आणि चार लोकांत म्हणाला, “खोताच्या घरावर मी नवी कौलं चढवली, तवा बी दोन जागी गळलं व्हतं.”

राहीला त्या क्षणी काय वाटलं ते मी सांगतो, उगाच लपवून काय करायचं? तिला अभिमान वाटला. ऊर भरून आला. तिनं आढ्यावर बसलेल्या नवऱ्याकडे बघितलं. तो भिजून चिंब झाला होता आणि आपल्याच घरावर असा बसला होता की खोतानं बघावं. कनवटीचा एक पैसा काढून ती खालून ओरडली, “अवो, उतरा आता! ह्यो घ्या, आज विडी ओढा!”

“नको गो,” तो वरून म्हणाला. “आता चवच ऱ्हायली न्हाय. कोपऱ्यावरचं एक कौल जास्तीच फुटकंय, त्ये बदलून टाकू.”

मृग लागला, आर्द्रा झाली, आश्लेषाचा जोर झाला. त्या वर्षी वाडीत सात घरं गळली. राहीचं गळलं नाही. पुढच्या वैशाखात सगळी वाडी पेंढ्याच्या मागं धावत होती आणि राही निवांत ओटीवर सुपाऱ्या सोलत बसली होती.

त्याच वैशाखातली एक सकाळ. राही चूल पेटवून भाकरीचं पीठ मळत होती. दारात कुणीतरी घुटमळल्यासारखं वाटलं. बघते तर आवडाबाई. हातात रिकामी खापरी.

“विस्तव हाय का गो जरा?” आवडाबाई म्हणाली.

“का? काडेपेटी सरली?”

 आवडाबाईनं वर बघितलं, घोड्याच्या आणि होडीच्या जोडाकडे बघितलं आणि हळू आवाजात म्हणाली, “आनलीच न्हाय. काल आमच्या धन्याला बंदरावर पाठवलं व्हतं. काडेपेटीचा पैसा देऊन एक कौल आनलंय. भिताडाला उभं केलंय.”

राहीच्या मनात दहा वर्षांचे टोमणे होते. त्यातला एकसुद्धा तिनं बाहेर काढला नाही. तिनं चिमट्यानं चांगले मोठे निखारे निवडले, तिच्या खापरीत भरले आणि वर राख घातली, वाटेत विझू नयेत म्हणून.

“त्याच्या पाठीवर छाप काय हाय, बघितलास का?” तिनं विचारलं.

“न्हाय बाई. टवका बघितला. ल्हानच हाय.”

“टवका र्‍हाऊ दे,” राही हात धुऊन उठली. “चल, आदी पालथं करून बघू.”